एक्याऐंशी बोलावणी

ते वाक्य तृप्ती शेवाळेने बैठकीत, चहाचा कप तोंडाला लावता लावता लिहिलं होतं. पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. आयुष्यभर छळणाऱ्या गोष्टी माणूस बहुधा अशाच घाईत करून मोकळा होतो.

बैठक होती अभ्यासक्रम आराखडा समितीची. कॉलेज डोंगराळ तालुक्याच्या गावचं, आणि निम्मी मुलं धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांमधून येणारी. त्यांना रोज वर्गात आणावं तर लाँच आणि जीप यातच दिवस संपतो. सगळं पडद्यावर शिकवावं तर मुलं कॅमेरा बंद करून गुरांमागे जातात. दोन्ही करून झालं होतं. आता काही तास घरी आणि काही वर्गात अशी मिसळ करायची होती. कुठला तास कुठे, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावर गेली वीस वर्षं सगळेच शिक्षक अंदाजपंचे बोलत आले होते.

'सांगड' या प्रणालीने तो अंदाज संपवला. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या तृप्तीने सात वर्षं खपून ती या कॉलेजात बसवली होती. वर्गाच्या छताला बशीएवढं एक रडार असायचं. कुणाच्या अंगाला काही न लावता ते प्रत्येकाचा श्वास आणि हृदयाचे ठोके टिपायचं. माणसं एकत्र बसून एकाच गोष्टीत गुंतली, की त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. ही लय जितकी जुळते तितकं शिकलेलं पक्कं बसतं, आणि पडद्यावर ती जवळपास जुळतच नाही, असं सांगडच्या मागच्या संशोधनात दिसलं होतं. त्या लयीला त्यांनी सहस्पंदन म्हटलं.

खरं नवल पुढेच होतं. प्रत्येक वर्गात एखादंच माणूस असं निघायचं, की ते असलं की बाकीच्यांची लय जुळायची आणि ते नसलं की विस्कटायची. ते हुशार असेलच असं नाही. बडबडं तर नसायचंच. ते फक्त ऐकायचं, पण असं मनापासून, की शेजारी बसलेल्याच्या शरीरालाही ते कळायचं.

म्हणून सांगड प्रत्येक विद्यार्थ्याचे प्रत्येक तासासाठी दोन आकडे काढायची. तो वर्गात आल्याने त्याचा स्वतःचा किती फायदा, हा पहिला. तो आल्याने इतरांचा किती, हा दुसरा. दोन्हींची बेरीज पुरेशी झाली, की आदल्या संध्याकाळी त्याच्या फोनवर संदेश जायचा. मुलं त्याला 'बोलावणं' म्हणत. ज्याला बोलावणं नाही त्याने घरून शिकावं. मात्र शंभरातली नव्वद बोलावणी पाळली नाहीत, तर परीक्षेला बसता यायचं नाही.

"मॅडम, बोलावणी दोन प्रकारची आहेत, तर वाक्यंही दोन करा की," अर्थशास्त्राचे इनामदार सर म्हणाले होते. "काहींना त्यांच्यासाठी बोलावतो, काहींना दुसऱ्यांसाठी. सरळ सांगून टाकू."

"आणि उद्या पालक दारात येऊन उभे राहिले म्हणजे? आमच्या पोरीला दुसऱ्यांच्या पोरांसाठी का राबवता, असं विचारलं तर काय सांगायचं, सर?"

"खरं सांगायचं."

"तुम्ही सांगा मग. मी कानावर हात ठेवून बसते."

सगळे हसले. प्राचार्य मोहित्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तृप्तीने एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने वाक्य टाइप केलं: 'उद्याच्या तासाला तुमची प्रत्यक्ष उपस्थिती तुमच्या अभ्यासासाठी आवश्यक आहे.' सगळ्यांना एकच. ठराव मंजूर झाला आणि बिस्किटांची बशी फिरली.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला कार्तिकी ढेबे बसायची. पाण्यापलीकडच्या वाघजाईवाडीची. मार्क बेताचे, अक्षर मोठं आणि गोल. तृप्ती शिकवत असताना तिचं लक्ष कधी फळ्यावर नसायचंच. ती तृप्तीच्या तोंडाकडे बघायची. कळलं नाही की तिच्या कपाळावर आठी यायची, कळलं की ती सावकाश श्वास सोडायची, आणि तो सुटला की मागची दोन बाकंही सैलावायची. तृप्तीला शिकवताना पुढे जायचं की थांबायचं हे ठरवायला पडद्यावरचा आलेख लागतच नसे. ती तिसऱ्या बाकाकडे बघायची. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं ऐकणारं कुणी तिला भेटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिचा त्या पोरीवर जीव जडला होता. तृप्तीची स्वतःची घरी वाट बघणारं तसं कुणी नव्हतं.

सत्रात नव्वद तास होते. बाकीच्या मुलांना सरासरी चौतीस बोलावणी आली. कार्तिकीला एक्याऐंशी येणार होती.

डिसेंबरात एका दुपारी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, येऊ का?"

"ये गं. डबा खाल्लास का?"

"हो." ती खुर्चीवर बसली नाही. "मॅडम, माझी बोलावणी जरा कमी होतील का? आई आजारी आहे. हृदय मोठं झालंय म्हणतात, अंगात पाणी साठतं. आडवं झालं की दम लागतो, म्हणून बसूनच असते."

"औषधं चालू आहेत ना? घरी कोण असतं?"

"आप्पा असतात. पण आईला ऐकू येत नाही, मॅडम. लहानपणी ताप आला तेव्हापासून फारच कमी येतं. डॉक्टर पडद्यावरून काय विचारतात ते तिला माझ्या तोंडावरून कळतं. आप्पा नुसते ओरडतात. मग ती घाबरते."

तृप्तीने सांगड उघडली. कार्तिकीच्या नावापुढे दोन आकडे होते. स्वतःचा फायदा: शंभरात दोन. इतरांचा फायदा: शंभरात त्रेचाळीस. ही मुलगी घरी बसूनही तेवढंच शिकली असती. पानाच्या खाली 'सूट' असं एक बटण होतं, नव्वद बोलावणी पाळायची अट उठवणारं. अभ्यासक्रमाची आखणी करणाऱ्याला ते दाबायचा अधिकार होता, म्हणजे तृप्तीलाच.

पण पंधरा दिवसांनी मूल्यांकन समिती येणार होती. ती याच वर्गात बसणार, हाच आलेख बघणार, आणि त्यावर सांगड सगळ्या शाखांना लागू करायची की गुंडाळायची हे ठरणार. धुक्यामुळे लाँच सुटली नाही त्या त्या दिवशी, कार्तिकीशिवाय, वर्गाचा आलेख कसा झोपला होता हे तृप्तीने पाहिलं होतं. सात वर्षांचं काम एका पोरीच्या श्वासावर टांगलेलं होतं, आणि ते त्या दोघींपैकी फक्त एकीला माहीत होतं.

"हे पंधरा दिवस काढ," तृप्ती म्हणाली. "मग मी स्वतः बघते. नक्की."

कार्तिकीने मान हलवली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मॅडम, मी अजून जास्त अभ्यास केला तर बोलावणी कमी होतील?"

तृप्तीचा फोन वाजत होता. मोहिते सरांचा होता.

"अभ्यास तर करच," असं म्हणून तिने फोन उचलला.

समिती आली ती बुधवारी. तिघेजण मागच्या बाकावर बसले. त्यांच्यासाठी त्या दिवशी अख्खा वर्ग बोलावला होता. नियमाप्रमाणे मुलांचे फोन दाराबाहेरच्या कप्प्यांत होते. तृप्तीने त्या दिवशी लोलक शिकवले: एकाच फळीला टांगलेली दोन घड्याळं काही वेळाने एकमेकांशी जुळवून कशी घेतात. तिला स्वतःला तो विषय फार आवडायचा. कार्तिकीचे डोळे सुजलेले दिसत होते, पण ती ऐकत होती. कपाळावर आठी आली, तृप्ती थांबली, पुन्हा सांगितलं. आठी गेली. श्वास सुटला. चाळीस मुलांचा वर्ग एका माणसासारखा बसला होता. मागे पडद्यावर रेघ चढत चढत कधी नव्हे तिथे पोचली, आणि समितीच्या अध्यक्षांनी पेन खाली ठेवून नुसतंच ऐकायला सुरुवात केली.

तास सव्वाबाराला संपला. कार्तिकीने कप्प्यातून फोन घेतला. त्यावर आप्पांचे अकरा कॉल होते.

आई अकरा वीसला गेली होती. कार्तिकीला जीप लगेच मिळाली, लाँच मात्र दोनची होती. ती चारला घरी पोचली. तोवर बायकांनी आईला आंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं.

तृप्तीला हे संध्याकाळी कळलं, अभिनंदनाचे फोन घेता घेता. सांगड मंजूर झाली होती. तिने सूट दिली ती त्यानंतर. दाबायला सोपं बटण होतं ते, बोट टेकवलं की झालं.

आठव्या दिवशी ती वाघजाईवाडीला निघाली. लाँच बॅटरीवरची होती, आवाज न करता पाणी कापत जायची. बरोबर शेजारच्या गावची दोन माणसं होती. तृप्तीने मनात चार-पाच वेळा वाक्यं जुळवली आणि मोडली. तिला क्षमा मागायची नव्हती असं नाही, पण मुख्य म्हणजे खरं सांगायचं होतं. आणि सांगून झालं की ही मुलगी परत येईल, अशी एक आशा मनाच्या तळाशी होती. तिचं तिलाच त्या आशेची लाज वाटली.

घर चढावर होतं. ओटीवर कार्तिकीचे वडील कोंडिबा ढेबे बसले होते, डोकं भादरलेलं. त्यांनी घोंगडं झटकून अंथरलं.

"बसा मॅडम. लांबनं आलासा." त्यांनी आत हाक मारली. "कार्तिके, पानी आन गं. तुज्या मॅडम आल्यात."

कार्तिकी पाणी घेऊन आली आणि भिंतीला टेकून बसली. भिंतीवर आईचा फोटो होता, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला, म्हणून जरा धूसर.

"लई जीव हुता दोघींचा," कोंडिबा म्हणाले. "हिच्या आईला ऐकाय येत न्हवतं बगा. ही चालाय लागली तवापासनं आईचं कान हीच. दारात कोन आलं, काय बोललं, सगळं ही तोंडाकडं बगून ऐकायची, आन् मंग आपल्या तोंडावरनं आईला सांगायची. हसायचं आसलं तर हसून, भ्याचं आसलं तर भिऊन. नुसत्या तोंडावरनं. आमाला कुनाला न्हाई जमलं."

तृप्तीने हातातला तांब्या खाली ठेवला. शंभरात त्रेचाळीस कुठून आले ते तिला आता कळलं. ज्या बाईने हे ऐकणं घडवलं होतं, तिच्यापासूनच ते रोज उठून नेलं होतं. वर्गातल्या बाकीच्या मुलांसाठी, आणि शेवटी शेवटी तर तिघा पाहुण्यांसाठी.

तिने सांगितलं. आडवळण न घेता, जुळवलेली वाक्यं टाकून देऊन. दोन आकडे सांगितले, त्या दिवशी ते बघितले होते हे सांगितलं, बटण होतं आणि दाबलं नाही हेही. "तुला बोलवत होतो ते तुझ्यासाठी नव्हतं, कार्तिकी. तू असलीस की बाकीच्यांना शिकता यायचं. तुला काही गरज नव्हती. ते वाक्य मी लिहिलं होतं, आणि ते तुझ्या बाबतीत खोटं होतं."

कार्तिकी तिच्या तोंडाकडे बघत होती, वर्गात बघायची तशीच. कपाळावर आठी होती.

"म्हणजे मी कच्ची होते म्हणून नाही?"

"नाही गं. कुणी सांगितलं तुला असं?"

"कुणी नाही. मेसेजमध्येच असायचं ना, तुमच्या अभ्यासासाठी आवश्यक. बाकीच्यांना आठवड्यात दोन, मला रोज. वर्गात पण म्हणायचे, ढेबेला रोज ट्यूशन." ती खाली बघून बोलायला लागली. "मला वाटायचं, सगळ्यांत ढ मीच. म्हणून तर तुम्हाला विचारलं, जास्त अभ्यास केला तर कमी होतील का."

तृप्तीला तो फोन आठवला. मोहिते सर त्या दिवशी समितीच्या जेवणाचं विचारत होते.

"शेवटच्या दिवशी सकाळी मी जाणारच नव्हते," कार्तिकी म्हणाली. "आई फार दमली होती. पण शंभरात दहा चुकवायची सवलत असते ती धुक्याने लाँच न सुटलेल्या दिवसांतच संपलेली. आईने हाताने विचारलं, का जातेस? मी तिला सांगितलं, मी कच्ची आहे म्हणून बोलावतात, नाही गेले तर नापास करतील. तिला वाईट वाटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. म्हणजे, माझ्यामुळे, असं. आपल्या बहिरेपणामुळे पोर मागे पडली असं वाटायचं तिला. मग तिनेच ढकललं मला दाराकडे. जा म्हणून."

कोंडिबांनी तोंड फिरवलं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"मला यायला उशीर झाला, ते असू दे," कार्तिकी म्हणाली. "सगळ्यांनाच होतो. पण ती असं समजून गेली, मॅडम. तिच्यामुळे मी ढ झाले, असं."

तृप्ती रडली. आपल्याला रडायचा हक्क नाही हे कळत असूनही रडली. कार्तिकीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, पण धीर दिला नाही. तिने तरी का द्यावा?

"मी काय करू सांग," तृप्ती म्हणाली. "तू म्हणशील ते करते."

कार्तिकीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"कॉलेज पालकांना पत्र पाठवतं ना, शिक्क्याचं? आजवर आलेली सगळी आप्पांच्या नावाने आली. एक आईच्या नावाने द्या. आत्ता सांगितलंत ते त्यात लिहा."

पत्राचा पहिला मसुदा तृप्तीने दुसऱ्याच दिवशी केला. ऑफिसातल्या बाबरांनी नाव वाचून चष्मा वर केला.

"मॅडम, या बाई तर गेल्या ना? कैलासवासी लिहायचं का?"

"नको. सौभाग्यवती लिहा. जावक क्रमांक घाला आणि शिक्का मारा."

कार्तिकीला तिने आधी मसुद्याचा फोटो पाठवला. तासाभराने तो परत आला, पेनाने खुणा केलेला. 'सहस्पंदन' खोडलं होतं. 'लक्षणीय योगदान' खोडलं होतं. शेवटी गोल अक्षरात लिहिलं होतं: 'आईला कळेल असं लिहा.'

तृप्तीने पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. जे वाक्य चाळीस जणांसाठी पाच मिनिटांत झालं होतं, ते एका बाईसाठी तीन दिवस होईना. कधी ते स्वतःच्या बचावाला जायचं, कधी कौतुकाच्या प्रमाणपत्रासारखं व्हायचं. शेवटी तिने डोळ्यांसमोर तो धूसर फोटो आणला, आणि आपण काय बोलतोय ते ओठांवरूनच कळणाऱ्या बाईशी जसं हळू बोलावं, तसं लिहिलं.

संदेशातलं वाक्यही तिने बदललं. आता दोन वाक्यं होती, एक स्वतःसाठी बोलावलेल्यांना आणि दुसरं इतरांसाठी बोलावलेल्यांना, आणि दुसऱ्याच्या शेवटी 'यायचं की नाही ते तुम्ही ठरवा' असं होतं. पहिल्याच संध्याकाळी ते दुसरं वाक्य कार्तिकीला गेलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: 'येणार नाही.' दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. ती घरून शिकत होती आणि गृहपाठ वेळेवर पाठवत होती. वर्गात तृप्ती सवयीने तिसऱ्या बाकाकडे बघायची, तिथे कुणी नसायचं, आणि पुढे जावं की थांबावं ते तिला कळायचं नाही. आलेख झोपला होता. मोहिते सरांनी दोनदा विचारलं. तृप्तीने खरं कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

पत्र घेऊन ती स्वतः गेली. बाराव्याला चार पाहुणे येऊन गेले होते, आता घरात दोघंच होते. कार्तिकीने पाकीट उलटंसुलटं करून नाव वाचलं, शिक्का बघितला, मग फोटोखाली मांडी घालून बसली आणि वाचायला लागली.

"सौभाग्यवती पारूबाई कोंडिबा ढेबे यांस नमस्कार. तुमची कार्तिकी अभ्यासात कच्ची नाही. ती घरी राहिली असती तरी शिकली असती. आम्ही तिला रोज बोलावलं, कारण ती ऐकते तसं आमच्या वर्गात कुणीच ऐकत नाही. ती ऐकायला लागली की बाकीच्यांना कळायला लागतं. हे तिला आम्ही शिकवलेलं नाही. तुमच्याकडून ती हे शिकली. ही गोष्ट तुम्हाला वेळेत सांगायची होती. ती मी सांगितली नाही. चूक माझी आहे, तिची नाही आणि तुमची तर नाहीच."

खाली सही आणि तारीख होती, तीही तिने वाचली. मग तिने कागदाची घडी घालायला घेतली.

कोंडिबा इतका वेळ उंबऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पुन्यांदा वाच, पोरी. जरा मोट्यानं. तिला कमी ऐकाय यायचं."

कार्तिकीने घडी उलगडली. कागद मांडीवर ठेवून ती फोटोच्या समोर वळली, तोंड नीट उजेडात येईल अशी, आणि पहिल्यापासून मोठ्याने, एकेक शब्द ओठांवर उमटवत वाचू लागली.